संत्र्याखालचे काटेरी झाड

नागपुरी संत्र्याचे झाड मुळापासून संत्र्याचे नसते, हे काटोल-नरखेडच्या बागायतदारांना चांगले ठाऊक असले तरी शहरात संत्री सोलून खाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते. त्याची मुळे आणि बुंध्याचा तळचा वीतभर भाग बहुधा जंभेरीचा असतो. जंभेरी म्हणजे लिंबाच्याच कुळातले, काट्यांनी भरलेले झाड. जाड, खडबडीत सालीचे तिचे आंबट फळ लोणच्याला चालते. परंतु तिचे खरे मोल बियांत आहे.

जंभेरीच्या एका बीतून पुष्कळदा दोन-तीन अंकुर फुटतात. त्यांतला एखादाच परागीभवनातून जन्मलेला असतो. उरलेले बीजांडातील मातृवृक्षाच्याच पेशींपासून तयार झाल्यामुळे हुबेहूब आईच्या वाणाचे निघतात. बियांपासून एकसारखे हजारो खुंट, म्हणजे ज्यांवर संत्र्याचे कलम बांधायचे ती रोपे, मिळतात ते याच गुणामुळे. मात्र वाफ्यातली फार उंच किंवा फार खुजी रोपे बहुधा संकरित असतात आणि ती उपटून टाकण्यात रोपवाटिकेने हयगय करू नये, कारण ती चूक बागेत काही वर्षांनी दिसते आणि तेव्हा दुरुस्त होत नाही. बीही ताजेच पेरावे, वाळले की उगवण घटते.

रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की जमिनीपासून सुमारे 20 ते 25 सेंटीमीटर उंचीवर संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरची फुटव्याची कळी, सालीत बसवतात; याला डोळा भरणे म्हणतात. या उंचीला कारण आहे. विदर्भाच्या काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत फायटोफ्थोरा हा रोगकारक सूक्ष्मजीव वाढतो आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर संत्र्याच्या नाजूक सालीवर पोचला की खोडातून डिंक गळू लागतो. शेतकरी याला डिंक्या म्हणतात. म्हणून लागवडीत कलमाचा सांधा मातीत गाडला जाऊ नये आणि खोडाला पावसाळ्याच्या आधी व नंतर मोरचूद व चुन्याचे बोर्डो मलम लावावे. जंभेरीची मुळेही या रोगाला बळी पडतात, त्यामुळे निचरा कमी असलेल्या जमिनीत रंगपूर लाइम या दुसऱ्या लिंबूवर्गीय झाडाचा खुंट अधिक बरा, असे मला वाटते.

जंभेरीचा काटा हा मुळात पानाच्या बेचक्यातला, वाढ थांबलेला फुटवा असतो. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात लिंबूवर्गीय रोपातील दोन जनुके निकामी केली, तेव्हा काट्यांच्या जागी फांद्या फुटल्या.

बागेत हाच काटा ओळखीची खूण ठरतो. सांध्याखालून निघालेला काटेरी, जोमदार पानसोट, म्हणजे सरळ वाढणारा फुटवा, तसाच वाढू दिला, तर तो संत्र्याचे अन्नपाणी ओढून घेतो आणि पुढे त्याच झाडाला जंभेरीची फळे लागतात. तो कोवळा असतानाच हाताने मुळाशी मोडून काढावा. वरवर छाटल्यास तळच्या डोळ्यांतून पुन्हा फुटतो.