पार्किन्सन्समध्ये पाय चिकटणं वेगळं आणि पाय पळत सुटणं वेगळं

आमच्या बाबांचं चालणं पार्किन्सन्समुळे, म्हणजे हालचाली मंदावणाऱ्या मेंदूच्या आजारामुळे, बिघडलं तेव्हा घरात सगळे एकच शब्द वापरायचो, अडखळतात. फिजिओथेरपिस्टनी सांगितलं तेव्हा कळलं की ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घरी प्रॅक्टिसही वेगवेगळी करून घ्यावी लागते.

एक म्हणजे फ्रीझिंग. स्वयंपाकघराच्या दारात आले किंवा पलंगापाशी वळायला लागले की पाय फरशीला चिकटवल्यासारखे होतात, टाचा वर होतात, गुडघे थरथरतात पण पाऊल काही पडत नाही. अशावेळी आपण हात धरून ओढतो, चला चला करतो, कळकळीने सांगते हे करू नका, अंग पुढे येतं, पाय तिथेच राहतात आणि माणूस पडतो. थांबू द्या, एक श्वास घेऊ द्या, वजन डाव्या पायावर मग उजव्या पायावर असं डोलवायला सांगा आणि मग एकच मोठं पाऊल. आम्ही दारापाशी फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावल्यात, पावलापावलाच्या अंतरावर, पट्टी ओलांडायची म्हटली की पाय उचलला जातो. एरवी चालणं आपोआप होतं, मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी पडलं की ते आपोआप होणं बिघडतं, पण डोळ्यांसमोर खूण असली किंवा कोणी एक-दोन असा ताल दिला की मेंदू दुसऱ्या वाटेने काम करून घेतो. म्हणून तर सपाट फरशीवर अडकलेला माणूस जिना बऱ्याचदा सहज चढतो आणि नातेवाइकांना वाटतं नाटक करतायत. नाटक नसतं हो ते.

दुसरं फेस्टिनेशन. अंग पुढे झुकलेलं, पावलं छोटी छोटी आणि झपाझप, जणू तोल पुढे पळतोय आणि पाय त्याला गाठायला धावतायत. इथे आणखी पुढे चालवायचंच नाही. पूर्ण थांबायचं, ताठ उभं राहायचं, मग टाच आधी टेकवत लांब पाऊल. कधीकधी असं झपाझप चालताचालताच पाय चिकटतात, म्हणून आमचा गोंधळ व्हायचा.

सराव पार्किन्सन्सच्या गोळीचा असर असताना आणि कोणीतरी शेजारी उभं राहूनच. बाबा ओट्याला धरून वजन डोलवतात, गुडघे उंच उचलतात, आणि वळताना जागच्या जागी गिरकी न घेता टेबलाला मोठा वळसा घालून येतात, लक्ष विचलित होऊ नये म्हणून तेवढा वेळ आम्ही त्यांच्याशी बोलत नाही.