पार्श्वभूमी: खतातला मोबदला आणि नोटिशीतला मोबदला

मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झालं तेव्हापासून कोकणात ‘मोबदला’ हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. मोबदला आला का, कमी आला, हिस्सेदाराने अडवला. पण खरेदीखतातही हाच शब्द असतो आणि तिथे त्याचा अर्थ वेगळा आहे. या घोळात माणसं फसतात, म्हणून थोडं मागे जाऊ.

शब्द मूळचा अरबी, अर्थ अदलाबदल. आपला ‘बदला’ त्याच घरातला. इंग्रजी कायद्यातल्या ‘कन्सिडरेशन’ला दस्तलेखकांनी हाच शब्द लावला. पुस्तकांत ‘प्रतिफल’ आलं, ते पुस्तकांतच राहिलं. मुळात ‘कन्सिडरेशन’चा रोजचा अर्थ विचार करणं, दखल घेणं. १८७२ च्या करार कायद्यात मात्र, वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून समोरच्याने काही केलं, करायचं टाळलं किंवा तसं वचन दिलं, तर ते प्रतिफल. पैसाच हवा असं नाही. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून गडग्याची उंची न वाढवणं हेही प्रतिफल ठरू शकतं. रक्कम अपुरी एवढ्यावरून करार रद्द होत नाही, संमती मोकळी होती का एवढं न्यायालय पाहतं. बक्षीसपत्राला तर मोबदला लागतच नाही.

सक्तीच्या व्यवहाराची गोष्ट निराळी. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कुळाला जमिनीचा मालक मानलं, तेव्हा जमीनमालकाने किंमत मागितली नव्हती. ती न्यायाधिकरणाने ठरवली, बहुतेक कुळांसाठी आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या, २० ते २०० पटींत. सौदा झालाच नव्हता.

महामार्गाचंही तेच. नोटिशीत ‘मोबदला’ छापलेलं असतं, पण ती असते नुकसानभरपाई. घासाघीस नाही, दर सक्षम प्राधिकारी ठरवतो आणि तो पटला नाही तर लवादाकडे जावं लागतं. राष्ट्रीय महामार्ग कायद्यातल्या १९९७ च्या दुरुस्तीनंतर महामार्गासाठी जमीन गेलेल्यांना दिलासा रक्कमही, म्हणजे जमीन सक्तीने घेतल्याबद्दल किमतीवर मिळणारी जादा रक्कमही, मिळत नव्हती. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातली शंभर टक्के दिलासा रक्कम त्यांना २०१५ पासून लागू झाली आणि आधीच्यांना ती नाकारणं घटनाबाह्य असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. हा अन्याय इतकी वर्षं चालला, याला ‘मोबदला’ या सौद्याच्या शब्दाचाही हातभार लागला असं मला ठामपणे वाटतं. ‘मोबदला घेतला ना, मग तक्रार कसली?’ हे वाक्य मी वाडीवाडीत ऐकलंय. जुन्या खतांच्या शेवटी ‘भरून पावलो’ लिहायचे. तो शेरा राजीखुशीने विकणाऱ्याचा, नोटीस आलेल्याचा नव्हे.

त्यात कोकणचा सातबारा. दोन-तीन गुंठ्यांच्या तुकड्यावर वीस-पंचवीस नावं, निम्मे वारस मुंबईत, काहींची वारसनोंदही झालेली नाही. आंबा-काजूची झाडं एकाने लावलेली, जमीन सगळ्यांची. वाटपाचा वाद झाला की प्राधिकारी तो दिवाणी न्यायालयाकडे धाडतो. तिकडे कलमं तोडून डांबरही पडलेलं असतं आणि इकडे चाकरमानी भाऊ गणपतीला येईपर्यंत संमतीपत्र कपाटात पडून राहतं.