गोळी दोनवरच का ठेवायची? ऑक्सिजन मशीन भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी

गोळी म्हणजे औषधाची नव्हे. कॉन्सन्ट्रेटरच्या पुढच्या बाजूला उभी पारदर्शक नळी आहे, तिच्यात तरंगणारी छोटी गोळी. ती ज्या आकड्याच्या रेषेवर, तितके लिटर दर मिनिटाला नाकाकडे जातात. चिठ्ठीवर ‘दोन लिटर’ असेल तर गोळी दोनवर. तरी मशीन बसवून आठवडा होत नाही तोच फोन येतो, “बाबांना दम लागतोय, पाचवर केलं तर चालेल ना? ऑक्सिजनच आहे, जास्त झाला म्हणून काय बिघडतं?”

सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन हवा नीट बाहेर न पडणाऱ्या जुनाट फुफ्फुसविकाराच्या पेशंटचं बिघडू शकतं.

घरातल्या एखाद्या धडधाकट माणसाने (पेशंटने नव्हे) बोटाला ऑक्सिमीटर लावून बसल्या बसल्या थोडा वेळ श्वास रोखून बघावा. जीव घाबरा होतो, पण ऑक्सिमीटरचा आकडा बहुधा जागचा हललेलाही नसतो. मग ही घुसमट कसली? मुख्यतः रक्तात साठू लागलेल्या कार्बन डायऑक्साइडची. तो वाढला की आम्लता वाढते, मेंदूच्या तळाशी लंबमज्जेतल्या पेशींना ते कळतं आणि श्वास घ्यायचा हुकूम सुटतो. श्वासाचा लगाम असा कार्बन डायऑक्साइडच्या हाती असतो, हे हॉल्डेन आणि प्रीस्टली या शास्त्रज्ञांनी इंग्लंडमध्ये 1905 साली दाखवून दिलं. ऑक्सिजनवर पहारा ठेवणारे कणभर अवयव मानेतल्या मोठ्या धमन्यांजवळ असतात, पण ते जोरात ओरडतात ते ऑक्सिजन बराच उतरल्यावर.

नुसतं बसलेल्या माणसाचं शरीरही मिनिटाला साधारण 200 मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड तयार करतं. त्याचा सुमारे 70 टक्के भाग रक्तातून बायकार्बोनेट होऊन जातो. आपल्या खायच्या सोड्यात असतं तेच हे. सोड्यावर लिंबू पिळलं की फसफसतं ना? तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. फुफ्फुसात जवळपास हेच घडतं, फक्त फेस न येता. हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसला की ते स्वतःजवळचं आम्ल सोडतं, आम्ल बायकार्बोनेटला भेटतं आणि वायू मोकळा होऊन उच्छ्वासातून बाहेर पडतो. उरलेल्यातला थोडा रक्तात विरघळलेला असतो, बाकीचा थेट हिमोग्लोबिनलाच चिकटलेला. भरलेल्या एसटीसारखं आहे हे, ऑक्सिजन चढला की कार्बन डायऑक्साइडला उतरावं लागतं.

उतरल्यावर त्याने बाहेर पडलं पाहिजे, आणि सीओपीडीत अडचण नेमकी तिथे आहे. वर्षानुवर्षं बिडीच्या किंवा चुलीच्या धुराने खराब झालेल्या फुफ्फुसात काही कोपऱ्यांत हवा पोचतच नाही. शरीर तिकडच्या रक्तवाहिन्या आवळून रक्त चांगल्या भागाकडे वळवतं. ऑक्सिजनचा मारा झाला की या आवळलेल्या वाहिन्या सैल पडतात, रक्त पुन्हा त्या बंद कोपऱ्यांत फिरू लागतं आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन तसंच परत येतं. श्वासाचा जोरही थोडा मंदावतो. कार्बन डायऑक्साइड साठतो, रक्त आंबटतं, गुंगी येते. 2010 साली टास्मानियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या पेशंटना अॅम्ब्युलन्समध्ये सरसकट भरपूर ऑक्सिजन दिला त्यांच्यात 9 टक्के दगावले, मोजून दिला त्यांच्यात 4 टक्के.

म्हणून बऱ्याच सीओपीडी पेशंटना डॉक्टर 88 ते 92 एवढंच रीडिंग सांगतात. 92 ला ‘कमी’ समजून जीव खालीवर करू नका. उलट पाचवर गोळी नेऊन 98 आलेला आकडा पाहून घरचे खूश होतात आणि शेजारी पेशंट पेंगत असतो. बोटावरच्या ऑक्सिमीटरला कार्बन डायऑक्साइड दिसतच नाही. तो कळतो एबीजी तपासणीत, तीही मनगटाच्या धमनीतून रक्त काढून. त्यात कार्बन डायऑक्साइडचा नॉर्मल आकडा 35 ते 45.

सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखणं, दिवसा अवेळी झोप, हात पुढे धरले की पंजे फडफडणं, बोलण्यात गोंधळ, यातलं काही दिसलं तर गोळी किती आकड्यावर आहे ते आधी बघा. वाढवलेली असेल तर चिठ्ठीतल्या आकड्यावर आणा आणि डॉक्टरांना फोन करा. घाबरून मशीन मात्र एकदम बंद करू नका, ऑक्सिजन झपाट्याने खाली जातो. पेशंट हाकेला ओ देत नसेल किंवा रीडिंग डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याखालीच राहत असेल तर 108 लावा. आम्हाला फोन नंतर केलात तरी चालेल.

दम लागला की आधी प्राँग्ज (नळीची नाकात घालायची दोन टोकं) नाकात नीट आहेत का, नळी खाटेच्या पायाखाली दबली नाही ना, पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट आहे का, हे बघा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. पेशंटला पुढे झुकून बसवा आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून सावकाश श्वास सोडायला सांगा.

दोन लिटरच्या रेषेवर आम्ही लाल टेप लावून देतो. डॉक्टरांनी आकडा बदलला तर नव्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा, आमचा मुलगा येऊन टेप सरकवेल. फिल्टर धुवायला आलेल्या त्याच मुलाला “जरा वाढवून दे रे” म्हणू नका. तो चांगला मेकॅनिक आहे, डॉक्टर नाही.