नाइटिंगेल यांच्या निळ्या पाकळ्या

जानेवारी १८५५ या एका महिन्यात क्रिमियाच्या युद्धावर गेलेल्या ब्रिटिश सैन्यातील २,७६१ सैनिक पटकी, आमांश, अतिसार आणि तापाच्या साथींनी दगावले. जखमांनी मेलेले ८३ होते आणि इतर कारणांनी ३२४. त्या महिन्यात सैन्याची एकूण संख्या ३२,३९३ होती. एवढे चारच आकडे शेजारी शेजारी ठेवले, तर या सैन्याचा खरा शत्रू कोण होता हे कोणालाही कळेल. मात्र मूळ नोंदींत ते असे सुटे नव्हते. चोवीस महिन्यांच्या चोवीस ओळी, प्रत्येक ओळीत तसेच पाच-सहा रकाने, आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी ही एक ओळ. तक्ता हे हवा तो आकडा नेमका शोधून काढण्याचे उत्तम साधन आहे. पण कोणता आकडा शोधायचा हे ज्याला आधीपासून ठाऊक नाही, त्याच्यासमोर तो नुसता उभा राहतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना नेमक्या अशाच वाचकांपर्यंत पोहोचायचे होते. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह त्या इस्तंबूलजवळच्या स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. युद्ध संपल्यावर इंग्लंडला परतल्या, तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर जे झाले ते टाळता आले असते, ही गोष्ट त्यांना मंत्र्यांच्या, सेनाधिकाऱ्यांच्या आणि खासदारांच्या गळी उतरवायची होती. विल्यम फार हे त्या काळचे नामवंत संख्याशास्त्रज्ञ त्यांच्या मदतीला होते. संख्याशास्त्राचे लेखन जितके रुक्ष तितके चांगले, असे फार यांचे मत होते. हिशेबाच्या काटेकोरपणाबाबत नाइटिंगेल यांनी त्यांचे सारे काही ऐकले. मांडणीबाबत मात्र त्यांनी स्वतःचा मार्ग धरला आणि १८५८ मध्ये ती आकृती छापली, जी आजही संख्याशास्त्राच्या वर्गांत दाखवली जाते.

आकृती अशी आहे. एका वर्तुळाचे बारा सारखे भाग केलेले, प्रत्येक भाग तीस अंशांचा, आणि एक भाग म्हणजे एक महिना. एप्रिल १८५४ ते मार्च १८५५ हे पहिले वर्ष एका वर्तुळात आणि त्यानंतरचे वर्ष शेजारच्या दुसऱ्या वर्तुळात. प्रत्येक महिन्याची पाकळी त्या महिन्याच्या मृत्युदरानुसार लहान किंवा मोठी. टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे तांबड्या आणि बाकीचे काळ्या. तिन्ही रंगांची मोजणी वर्तुळाच्या मध्यबिंदूपासूनच करायची, म्हणजे ते एकावर एक ठेवलेले आहेत, एकापुढे एक जोडलेले नाहीत. पाहणाऱ्याला पहिल्या क्षणी दिसतात त्या हिवाळ्यातल्या प्रचंड निळ्या पाकळ्या आणि त्यांच्या तळाशी दडलेल्या इवल्याशा तांबड्या. जानेवारीची निळी पाकळी सर्वांत मोठी आहे. त्या महिन्यातला रोगांचा मृत्युदर वर्षाच्या हिशेबात मांडला, तर तो हजारी १,०२२.८ इतका येतो. हजारातून हजारापेक्षा जास्त कसे मरतील, असा प्रश्न इथे पडणे साहजिक आहे. त्याचा अर्थ एवढाच की तोच वेग कायम राहिला असता आणि नवी कुमक आली नसती, तर एकही गोळी न झेलता ते अख्खे सैन्य वर्षाच्या आत संपले असते.

या आकृतीतला सर्वांत नाजूक भाग पाकळीच्या आकाराचा आहे. भाकरी थापणाऱ्याला हे गणित हातानेच कळलेले असते: तेवढ्याच जाडीची, पण दुप्पट रुंदीची भाकरी करायची तर पीठ दुप्पट नव्हे, चौपट लागते. पाकळीचेही तसेच आहे. मृत्यू दुप्पट झाले म्हणून पाकळीची लांबी दुप्पट केली, तर कागदावरचा रंग चौपट होतो आणि पाहणाऱ्याची फसगत होते. सुरुवातीच्या एका आकृतीत नाइटिंगेल यांच्याकडून हीच चूक झाली होती. तिथे मध्यापासूनचे अंतर मृत्युदराच्या प्रमाणात घेतले होते, आणि ती टोके जोडून आतला भाग रंगवला होता. चूक लक्षात आल्यावर त्यांनी तशी सूचना छापली आणि नव्या आकृतीत क्षेत्रफळच मृत्युदराच्या प्रमाणात ठेवले. त्यामुळे जानेवारीचे रोगांचे मृत्यू जखमांच्या मृत्यूंच्या तेहतीस पटींहून अधिक असले, तरी निळी पाकळी तांबडीपेक्षा लांबीने केवळ पावणेसहा पट आहे. आपली बाजू अधिक भडक दिसत असतानाही त्यांनी ती खाली उतरवली, हे मला त्या आकृतीच्या देखणेपणापेक्षा मोठे वाटते.

तरीही आकृती निर्दोष नाही, आणि त्याचे कारण माणसाच्या डोळ्यांत आहे. १९८४ मध्ये विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संशोधकांनी लोक आलेखातून प्रमाण किती अचूक ओळखतात हे प्रयोगांनी तपासले. एकाच मोजपट्टीवर मांडलेले बिंदू किंवा स्तंभ यांची तुलना माणूस सर्वांत अचूक करतो. निव्वळ लांबीची त्याहून जरा कमी, कोनांची आणखी कमी, क्षेत्रफळांची तर फारच ढोबळ, आणि रंगाच्या गडदपणावरून प्रमाण सांगण्यात तो अगदीच कच्चा ठरतो. म्हणजे हिशेब बरोबर असूनही पाहणारा पाकळ्यांमधला फरक मनातल्या मनात कमीच धरतो. तेच आकडे चोवीस उभ्या स्तंभांत मांडले असते, तर मृत्युदर कसा चढला आणि कसा उतरला हे अधिक नेमके दिसले असते, असे माझे मत आहे. दोन वेगळ्या वर्तुळांमुळे मार्चच्या पुढे एप्रिल येतो, ही साधी सलगताही तुटते आणि ती दाखवण्यासाठी मध्ये तुटक रेघ ओढावी लागते.

स्तंभांचे सामर्थ्य नाइटिंगेल यांना माहीत नव्हते असे मात्र नाही. त्यांची दुसरी एक आकृती तितकीशी प्रसिद्ध नाही, पण समजण्याच्या दृष्टीने मला ती अधिक सरस वाटते. शांततेच्या काळात, मायदेशातल्या बराकींत राहणारे सैनिक आणि त्याच वयाचे सामान्य इंग्रज पुरुष यांच्या मृत्युदरांची ती तुलना आहे. वीस ते पंचवीस या वयात सामान्य पुरुषांचा वार्षिक मृत्युदर हजारी ८.४ होता, तर सैनिकांचा १७. पस्तीस ते चाळीस या वयात अनुक्रमे ११.६ आणि १९.३. असे चार वयोगट, प्रत्येकात आडव्या पट्ट्यांची एक जोडी, वरची काळी आणि खालची तांबडी. तांबडी दर वेळी कितीतरी पुढे गेलेली. प्रत्येक पट्टीपाशी ‘इंग्रज पुरुष’ आणि ‘इंग्रज सैनिक’ हे शब्द पुन्हा पुन्हा लिहिले आहेत. कोपऱ्यात रंगांची सूची देऊन वाचकाला तिथे आणि परत अशी ये-जा करायला लावलेले नाही. आपल्या डोक्यात एका वेळी फार थोड्या गोष्टी धरून ठेवता येतात. त्यातली एक जागा सूची लक्षात ठेवण्यात गेली, तर तुलनेसाठी तेवढी कमी उरते. शिवाय सैनिक म्हणजे वैद्यकीय तपासणीतून निवडलेली धडधाकट मुले. ती घरी बसलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने मरतात, हे त्या आठ पट्ट्या एका नजरेत सांगतात.

चित्र जितके परिणामकारक तितकी ते काय सांगत नाही याची आठवण ठेवणे गरजेचे. दोन वर्तुळांच्या आकृतीत पहिल्या वर्षीच्या पाकळ्या अवाढव्य आणि दुसऱ्या वर्षीच्या छोट्या दिसतात. मार्च १८५५ मध्ये सरकारने पाठवलेला स्वच्छता आयोग स्कुटारीला पोहोचला. त्याने तुंबलेली गटारे उपसून घेतली, भिंतींना चुना लावला, खोल्यांत हवा खेळती केली. वर्तुळांची विभागणी त्याच महिन्यावर असल्यामुळे सारी सुधारणा त्या कामातूनच झाली, असा निष्कर्ष पाहणारा आपोआप काढतो. त्या कामाचा वाटा मोठा होता याबद्दल मला शंका नाही. पण हिवाळाही त्याच सुमारास संपला, रसद सुधारली आणि आघाडीवरून उपासमारीने आधीच खंगून येणाऱ्या सैनिकांचा लोंढा ओसरला. आकृतीत या गोष्टींना जागा नाही. काळाचे तुकडे कुठे पाडायचे हा मांडणीचा निर्णय असतो, आणि कारण कोणते याबद्दल वाचकाचे मत बरेचसे तिथेच ठरते.

पुढे नाइटिंगेल यांनी हीच दृष्टी हिंदुस्थानाकडे वळवली. इथल्या लष्कराच्या आरोग्याची चौकशी करणारा शाही आयोग १८५९ मध्ये नेमला गेला आणि १८६३ मध्ये त्याचा अहवाल आला. हिंदुस्थानातील ब्रिटिश सैनिकांचा मृत्युदर त्यात हजारी ६९ असा नोंदवला होता. मायदेशातल्या बराकींचे हजारी १७ मनात ठेवून हा आकडा वाचला, तरच त्याचे वजन कळते. एकटा ६९ तसा काहीच बोलत नाही.

आपल्याकडे दर पावसाळ्यात रंगीत नकाशे घरोघरी पोहोचतात, आणि तिथे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. भारतीय हवामान विभागाच्या इशाऱ्यांत हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे चार रंग असतात. पुष्कळ लोक ते पावसाच्या मापाचे रंग समजतात. वास्तविक ते तयारीचे रंग आहेत: हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग ठरवताना घटना घडण्याची शक्यता आणि तिचा संभाव्य परिणाम या दोन्हींचा विचार होतो. पावसाच्या मापाची शब्दावली निराळी आहे; चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, आणि २०४.४ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टीची सर्वांत वरची पायरी. नुसता रंगवलेला जिल्ह्यांचा नकाशा पुढे पाठवला जातो तेव्हा ‘किती पडेल’ आणि ‘मी काय करू’ हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात. शिवाय तांबडा आणि हिरवा यांतला फरक ज्यांच्या डोळ्यांना कळत नाही, अशी माणसे आपल्यात आहेत. त्यांच्यासाठी तरी प्रत्येक रंगावर त्याचा मराठी शब्द छापायला हवा, आणि तो बाकीच्यांच्याही उपयोगी पडेल.

मिलिमीटरचे मापही असेच डोळ्यांपुढे आणता येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. शाळेच्या भिंतीवर जमिनीपासून साडेचौऱ्याण्णव सेंटिमीटरच्या जरासे खाली एक आडवी रेघ ओढली, तर ती पहिली-दुसरीच्या मुलांच्या छातीच्या आसपास येते, आणि त्या दिवशी आभाळातून किती पाणी आले हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. मात्र रेघेशेजारी एक वाक्य लिहायलाच हवे: ही पडलेल्या पावसाची उंची आहे, वाहून न जाता तो सपाट जमिनीवर साठला असता तर एवढा झाला असता, पुराचे पाणी सखल भागात याहून कितीतरी वर चढते.