पार्श्वभूमी : राइस पेपर रोल, आणि त्याला स्प्रिंग रोल का म्हणू नये

व्हेज राइस पेपर रोल आता पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच घरांत होतो. गाजर, काकडी, जांभळा कोबी, पुदिना, थोड्या तांदळाच्या शेवया आणि बाजूला दाण्याचं सॉस. कृती सगळ्यांना माहितीये, त्यात शिरत नाही. पण ताटात ठेवला की कुणीतरी हमखास "अरे वा, स्प्रिंग रोल!" म्हणतं, आणि पाठोपाठ "पण तळला नाहीस का?" हा प्रश्न येतोच. चूक त्या माणसाची नाही, आपल्याकडे चायनीजच्या गाडीवर स्प्रिंग रोल म्हणजे मैद्याच्या पारीचा, कडक तळलेला, आत कोबी भरलेला असाच मिळतो. हे दोन पदार्थ एका नावाखाली कसे आले ते नीट सांगायला पाहिजे असं मला फार वाटतं.

हा रोल मूळचा दक्षिण व्हिएतनामचा. तिकडे त्याला गोय कुऑन म्हणतात. गोय म्हणजे साधारण कोशिंबीर आणि कुऑन म्हणजे गुंडाळणं. नावात वसंतही नाही आणि उन्हाळाही नाही. पारीला बान्ह त्रांग म्हणतात, उत्तरेत तिचं नाव वेगळं. ती किती जुनी यावर बरंच बोललं जातं. मध्य व्हिएतनाममधे एक लोककथा सांगतात की 1789 च्या टेटला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, दक्षिणेकडून हनोईवर चालून गेलेल्या सैन्याकडे शिदोरी म्हणून हेच होतं, कारण चूल न पेटवता खाता येतं. कथा आहे, पण त्यामागचा व्यवहार पटण्यासारखा आहे.

पारी करायची पद्धत वाचली आणि मला आजीच्या फेण्या आठवल्या. आपल्याकडे तांदूळ तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून ते पीठ ताटलीवर पातळ फिरवून वाफेवर धरतात आणि साल सोडवल्यासारखं सोडवून उन्हात टाकतात, कुठे फेण्या म्हणतात कुठे सालपापड्या. तिकडे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर कापड ताणून बांधतात, त्यावर पळीभर पीठ गोल पसरतात, झाकण ठेवतात, आणि क्षणात शिजलेली पारी पातळ काठीने उचलून बांबूच्या तट्ट्यावर वाळत घालतात. कोरडी पारी उजेडासमोर धरून बघा, तिच्यावर चौकटी-चौकटीची जाळी दिसते, तो त्या तट्ट्याच्या विणीचा ठसा. फरक एवढाच की आपण वाळवण तळतो, ते परत भिजवतात. तै निन्ह प्रांतातल्या त्रांग बांगला तर दुहेरी पारी शेंगांच्या टरफलांच्या विस्तवावर हलकी भाजतात आणि रात्री उघड्यावर दवात ठेवतात, ती पाण्यात न बुडवताच मऊ राहते.

आता नावांचा गुंता. चिनी पंचांगात वसंत सुरू होतो त्या दिवसाला लिचुन म्हणतात, त्या सुमाराला गव्हाच्या पातळ पोळीत भाज्या गुंडाळून खायची जुनी रीत होती, त्यातून चुनज्वान आला, शब्दशः वसंताची गुंडाळी. इंग्रजीतला स्प्रिंग रोल तो हा, गव्हाचा आणि बहुतेक करून तळलेला. व्हिएतनाममधे तळलेला रोल वेगळा आहे, दक्षिणेत त्याला चा यो म्हणतात आणि उत्तरेत नेम रान. पण उत्तरेत नेम हा शब्द फार ऐसपैस आहे, आंबवलेल्या डुकराच्या मांसालाही नेमच म्हणतात, त्यामुळे नुसतं नेम म्हटलं तर काय पुढे येईल ते गावावर आणि दुकानावर ठरतं. व्हिएतनामवर फ्रेंचांचं राज्य 1954 पर्यंत होतं. त्यांच्याकडे तळलेल्याला नेम हे नाव चिकटलं आणि ताज्या, न तळलेल्या रोलला ते म्हणायला लागले रुलो द प्रिंताँ, म्हणजे परत वसंताची गुंडाळीच! म्हणजे इंग्रजीत वसंत तळलेल्याकडे आणि फ्रेंचमधे न तळलेल्याकडे. मग अमेरिकेतल्या हॉटेलांनी वेगळेपण दाखवायला ताज्याला समर रोल म्हटलं, काहींनी सॅलड रोल, काहींनी फ्रेश स्प्रिंग रोल, आणि एकाच शहरातल्या तीन मेन्यूंमधे तीन नावं दिसायला लागली.

माझं मत स्पष्ट आहे. यातलं सगळ्यात प्रामाणिक नाव ऑस्ट्रेलियात रुळलं, राइस पेपर रोल. ते ऋतूच्या भानगडीत पडत नाही, पारी कशाची ते सांगतं, आणि या पदार्थाचा सगळा जीव पारीत आहे. मेलबर्नला होतो तेव्हा दुपारच्या सुट्टीत सुशीच्या शेजारी काचेच्या कपाटात हे रोल ओळीने ठेवलेले असायचे, पारदर्शक पारीतून कोथिंबिरीचं पान दिसायचं, आणि तिथे कुणी त्याला स्प्रिंग रोल म्हटलेलं मी ऐकलं नाही.

ते तिथे पोचले कसे याला मोठं कारण 1975. 30 एप्रिलला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव उत्तरेच्या कम्युनिस्ट सैन्याच्या हाती पडलं आणि पुढची कितीतरी वर्षं लोक बोटींनी, निर्वासित छावण्यांमधून अमेरिका, फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलियात गेले. ऑस्ट्रेलियाने गोऱ्यांनाच प्राधान्य द्यायचं धोरण पूर्ण सोडून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. सिडनीचं कॅब्रामाटा आणि मेलबर्नचं फुट्सक्रे इथे त्यांची दुकानं उभी राहिली. गेलेल्यांत दक्षिणेचे लोक जास्त, म्हणून जगाला माहीत झालं ते जेवणही जास्त करून दक्षिणेचं. अमेरिकेचा व्यापारबंदीचा हुकूम 1994 पर्यंत होता, त्यामुळे तिथे थेट व्हिएतनामचा माल येणं शक्य नव्हतं, थायलंडहून पाकिटं यायची, आजही बऱ्याच पाकिटांवर थायलंडच लिहिलेलं असतं. आणि तळायच्या रोलला बाहेर गेलेल्या कित्येक घरांनी गव्हाची पारी घेतली, ती सहज मिळायची आणि छान कुरकुरीत व्हायची, त्यामुळे चा यो आणि चिनी स्प्रिंग रोल दिसायलाही सारखे झाले. नाव का मिसळलं त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

राइस पेपर हा शब्दही पूर्ण निर्दोष नाही म्हणा. ऑनलाइन शोधला तर खायच्या पारीसोबत हस्तकलेचा कागद येतो आणि केकवर लावायचा वेफर पेपरही येतो. एकोणिसाव्या शतकात चीनमधल्या कँटन बंदराचे चित्रकार परदेशी गिऱ्हाइकांसाठी ज्या पांढऱ्या मऊ कागदावर चित्रं काढायचे त्याला इंग्रज राइस पेपर म्हणत, तो एका झुडपाच्या गाभ्यातून कापून काढलेला असायचा, तांदळाचा कणही नाही त्यात. ऑर्डर करताना घटक वाचाच.

खायच्या पारीचे घटकही वाचण्यासारखे असतात. बऱ्याच पाकिटांवर पहिला घटक टॅपिओका असतो, तांदूळ त्याच्यानंतर. टॅपिओका म्हणजे आपल्या साबुदाण्याचंच पीठ, ज्या कंदातून ते निघतं तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, म्हणजे जुन्या पारीत तो असणं शक्यच नाही. पण त्याने पारी ताणली जाते, काचेसारखी दिसते, गुंडाळताना फाटत नाही. नुसत्या तांदळाची पारी जरा धुरकट आणि नाजूक, तिला चव मात्र जास्त. 1986 च्या आर्थिक सुधारणांआधी तिकडे शिधापत्रिकेवर तांदूळ मोजून मिळायचा, भातात कसावा मिसळून खायची वेळ लोकांवर आली होती, आणि 1989 पर्यंत देश तांदूळ निर्यात करायला लागला. पारीचा मोठा धंदा, यंत्रं, निर्यात हे सगळं त्यानंतर वाढलं.

एक गैरसमज मला खटकतो, की व्हेज रोल म्हणजे मूळ कोळंबी-डुकराच्या रोलमधून मांस काढून आपल्यासाठी केलेली तडजोड. तसं नाही. व्हिएतनाममधे बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, चाय म्हणजे शाकाहारी जेवतात, आणि गोय कुऑन चाय हा तिथला रीतसर पदार्थ आहे. आत तळलेलं टोफू, बुडवायला माशाच्या सॉसऐवजी सोयाचं किंवा सोयाबीन आंबवून केलेलं, वर भरडलेले दाणे. टोफू, गाजर वगैरेच्या बारीक सळ्या भाजलेल्या तांदळाच्या भरडीत घोळवून गुंडाळायचा एक प्रकारही आहे. पातळ पोळीत भाज्या गुंडाळलेला चिनी पोपिया सायगावात जाऊन बो बिया झाला, त्यात शिजवलेला कंद आणि गाजर असतं.

भारतातही हे काही आत्ता आलेलं नाही. फ्रेंचांमुळे पाँडिचेरीची तमिळ माणसं सायगावात नोकरीला होती, 1954 नंतर त्यातली बरीच कुटुंबं परत आली, काहींच्या घरात आई किंवा आजी व्हिएतनामी, आणि त्या घरांत चा यो आजही सणाला होतो. महाराष्ट्रात मात्र हा पदार्थ अलीकडे आला, आधी परदेशात राहून आलेल्यांबरोबर, मग व्हिएतनामला थेट विमानं सुरू झाल्यावर तिकडे फिरून आलेल्यांबरोबर, आणि सगळ्यात जास्त मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे. त्या व्हिडिओंत आता राइस पेपर तळतात, तव्यावर अंडं घालून भाजतात, थर लावून क्रॉसाँही करतात. करू देत, पारी सगळं सोसते.

फक्त गरम पाण्यात मऊ होईपर्यंत भिजवायचा सल्ला देतात ना, तो ऐकू नका. साध्या पाण्यात एकदा फिरवून लगेच ताटलीवर घ्या, अजून जरा कडक असतानाच. जाळीचा ठसा दिसत असतो तेव्हाच भाजी मांडायला घ्यायची, पुदिन्याचं शेवटचं पान ठेवेपर्यंत तो ठसा विरघळलेला असतो आणि पारी गुंडाळायला तयार.