उपवासकाळ (लेंट), कोल्हापुरातील

ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवसांचे ख्रिस्ती व्रत. भस्म बुधवारी ते सुरू होते आणि ईस्टरच्या आदल्या शनिवारी संपते. दिनदर्शिकेत हे दिवस ४६ भरतात. रविवार उपासात धरत नाहीत. दानधर्म, प्रार्थना व उपास ही त्याची तीन अंगे मत्तयाच्या शुभवर्तमानातील ६ व्या अध्यायावर आधारलेली आहेत.

व्रताच्या उगमाविषयी एकमत नाही. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस बिशप इरेनीअसने लिहिलेल्या व चर्चचा इतिहासकार युसीबिअसने उद्धृत केलेल्या पत्रात कोणी एक दिवस, कोणी दोन, तर कोणी चाळीस तास उपास करीत, असे म्हटले आहे. हाच उपास वाढत जाऊन चाळीस दिवसांचा झाला, हे जुने मत. ईजिप्तमधील ख्रिस्तसभेत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणानंतर चाळीस दिवसांचा स्वतंत्र उपास होता व पुढे तो ईस्टरला जोडला गेला, असे काही अभ्यासक मानतात. पुरावा तुटपुंजा असल्याने दोन्ही प्रवाह एकत्र आले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. नायसिया येथील बिशपांच्या परिषदेच्या (इ. स. ३२५) पाचव्या नियमात ‘चाळीशी’चा, म्हणजे या चाळीस दिवसांचा, उल्लेख येतो, तोही उपासाच्या संदर्भात नव्हे. बिशपने कोणाला आकसाने बहिष्कृत केले आहे काय, याची चौकशी करणारी सभा चाळीशीपूर्वी भरवावी, म्हणजे मनातील कटुता जाऊन देवाला शुद्ध अर्पण करता येईल, असा तो नियम आहे. शिस्त व दया यांची अशी सांगड या काळाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये आले. पुढे हे मिशन प्रेस्बिटेरियन, म्हणजे वडीलमंडळाच्या कारभाराने चालणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाचे, झाले. त्या पंथाच्या १६४५ च्या उपासना-निर्देशिकेने प्रभूच्या दिवसाखेरीज सण अमान्य केले होते. त्यामुळे जुन्या मंडळीत लेंटपेक्षा प्रभुभोजनापूर्वीची तयारीची उपासना आणि वडीलमंडळाची शिस्त यांना महत्त्व असावे. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेचे) मिशन १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात येथे आले. त्याच्या प्रार्थनापुस्तकात मात्र लेंटला ठरलेले स्थान होते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक प्रॉटेस्टंट पंथांचे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाल्यावर दोन्ही परंपरा एका छत्राखाली आल्या.

आज उपासाचे स्वरूप बहुधा वैयक्तिक असते. ठरावीक फराळ नसतो. साबुदाण्याची खिचडी चालते की नाही, हा प्रश्नच येथे उद्भवत नाही. कोणी सकाळचे खाणे सोडतो, कोणी मटण. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या शहरात दुसरा त्याग हलका म्हणता येत नाही. वाचलेले पैसे पाकिटात साठवून ईस्टरच्या सुमारास अर्पण करण्याची रीत काही मंडळ्यांत आहे. तिचे मूळ फार जुने आहे: दुसऱ्या शतकातील ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ख्रिस्ती ग्रंथात उपासाच्या दिवशी न खाल्लेल्या अन्नाची किंमत काढून ती विधवा, अनाथ वा गरजूला द्यावी, असे सांगितले आहे. मिशनकाळात दयेचे काम मुख्यतः शाळा व दवाखान्यांतून चाले; शहरातील मेरी वॉनलेस रुग्णालय हे त्याचे ठळक उदाहरण.

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) दुपारी १२ ते ३ या वेळात येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर प्रवचने होतात. प्रत्येक उद्गारासाठी बहुधा वेगळा वक्ता असतो, मध्ये गीत व प्रार्थना. पहिलाच उद्गार मारेकऱ्यांसाठी क्षमा मागणारा आहे. रोमन कॅथलिकांत १९६६ च्या पोपच्या आदेशानंतर उपासाची सक्ती भस्म बुधवार व उत्तम शुक्रवार या दोन दिवसांपुरतीच उरली.