मातृभाषेचा एकच रकाना

१ नोव्हेंबरला बेळगावात एका रस्त्यावर लाल-पिवळे ध्वज घेऊन कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसऱ्या रस्त्यावर काळा दिन पाळणाऱ्या मराठी भाषिकांची सायकल फेरी. शाळकरी पोराला त्या दिवशी कुठली तरी एक बाजू धरावीच लागते. आई मराठी, वडील कन्नड, शेजार दखनी बोलणारा, असं घर असलं तरी त्याला एवढंच विचारलं जातं: तू कुणाचा? हा प्रश्न इथल्या मातीइतका जुना वाटतो. तो तेवढा जुना नाही.

१९५६ पर्यंत बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे मुंबई राज्यात होते. बाजार आणि कचेऱ्या दोन्ही भाषांत चालायच्या, सोयरिकीही जमायच्या. अण्णा, अक्का, अप्पा या हाका आजही दोन्ही घरांत त्याच आहेत. याचा अर्थ तेव्हा सगळं गोडीगुलाबीचं होतं असा नाही. जातीच्या भिंती भाषेपेक्षा कितीतरी उंच होत्या. १९२५ मध्ये डॉ. आंबेडकर निपाणीला बहिष्कृतांच्या परिषदेसाठी आले, ते त्याच भिंतींमुळं. जनगणनेत मातृभाषा १८८१ पासून नोंदवली जात होती, पण तिच्यावरून आपण कुठल्या राज्यात राहायचं हे ठरत नव्हतं.

राज्य पुनर्रचनेनं ते ठरवलं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा वगळला गेला. त्याच वर्षीच्या जानेवारीत विरोध करणाऱ्यांवर गोळीबार झाला होता. त्यांच्या स्मरणार्थ सीमाभाग १७ जानेवारीला हुतात्मा दिन पाळतो. महाराष्ट्राची मागणी चार तत्त्वांवर उभी राहिली: खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा. मला ही तत्त्वं आजही रास्त वाटतात. पण बहुसंख्या मोजायची म्हटल्यावर प्रत्येक घर एकाच रकान्यात बसवावं लागतं. या सीमावादासाठी १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगानं पुढच्या वर्षी अहवाल दिला: २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ कर्नाटकाला, आणि बेळगाव कर्नाटकातच. महाराष्ट्रानं तो फेटाळला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. ज्या घरांत दोन भाषा नांदत होत्या, त्यांच्यासाठी या आकड्यांत जागाच नव्हती.

रकाना पक्का झाला की त्याला चेहरा चिकटतो. मराठी तोंडी ‘यंडूगुंडू’ आलं, कन्नड बोलणाऱ्याच्या हेलाची नक्कल आली. पलीकडं मराठी पोर म्हणजे भांडखोर, राज्याशी बेइमान, असं ठरलं. अशा ठरीव प्रतिमेला इंग्रजीत ‘स्टिरिओटाइप’ म्हणतात. तो मूळचा छापखान्यातला शब्द: जुळवलेल्या खिळ्यांच्या पानावरून धातूचा अखंड ठसा ओतायचा आणि तेच पान हजारदा छापायचं. अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये तो माणसांच्या डोक्यातल्या चित्रांसाठी वापरला.

हे ठसे इतके सहज का उमटतात, याचा माग मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी काढला. ते पोलंडचे ज्यू. महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या कैदेत पडले आणि फ्रेंच म्हणून वावरले म्हणून वाचले. ‘तू कुणाचा?’ याचं उत्तर जिवावर बेतू शकतं, हे त्यांनी भोगलं होतं. पुढं ब्रिस्टलमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचे त्यांनी अगदी किरकोळ कारणावरून दोन गट पाडले, उदाहरणार्थ कुणाला कुठल्या चित्रकाराची चित्रं आवडली यावरून. आपल्या गटात कोण कोण आहे, हेही मुलांना माहीत नव्हतं. तरी पैसे वाटायला दिल्यावर त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, आणि अनेकदा स्वतःच्या गटाचे पैसे थोडे घटले तरी चालतील, पण दुसऱ्याहून जास्त हवेत, असं ठरवलं. १९७० मध्ये हे प्रसिद्ध झालं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढं सरकता आलं नाही. आपल्याकडं तर गटाला सत्तर वर्षांचा इतिहास आहे, रक्त आहे.

तुर्कस्तानात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या शिबिरात २२ मुलांच्या दोन गटांत चुरस लावली, तिचं वैर झालं. एकत्र जेवायला बसवूनही ते मिटलं नाही. शिबिराचं पाणी तुटलं आणि ते सर्वांना मिळून सोडवावं लागलं, तेव्हा ताण उतरू लागला. वैर पेटवण्यात संशोधकांचाच हात होता, अशी टीका पुढं झाली आणि ती योग्य आहे. तरीही मला निपाणी आठवते. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी महामार्गावर ठाण मांडलं. त्यात मराठी होते तसे कन्नडही होते, आणि गोळीबार झाला तेव्हा गोळीनं भाषा विचारली नाही.

शाळेत मात्र वाटण्या कायम राहिल्या. घटनेच्या ३५० अ कलमानं भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं, असं १९५६ मध्येच म्हटलं. ते हक्काचं आहे, आणि १९८६ मध्ये कन्नड सक्तीविरुद्ध लोक रस्त्यावर आले ते उगाच नव्हे. पण एकाच आवारात मराठी आणि कन्नड शाळा असून मुलं मधल्या सुट्टीतही मिसळत नसतील, तर हक्क सांभाळताना आपण आणखी काही हरवतो आहोत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगितलं होतं की नुसत्या सहवासानं पूर्वग्रह जात नाहीत. बरोबरीचा दर्जा, समान ध्येय, मिळून काम आणि वरच्यांचा पाठिंबा लागतो.

आणि खानापूर तालुक्यातल्या सिद्दी मुलांचं काय? आफ्रिकेतून आलेले त्यांचे पूर्वज इथं शतकानुशतकं राहिले. तरी बाजारात त्यांना कुठल्या देशाचे म्हणून विचारतात. बेळगाव जिल्ह्यातल्या सिद्दींचा अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश व्हायला २०२० उजाडलं.

जर्मन भाषिक देशांत स्थलांतरित मुलांच्या वर्गांतून एक पद्धत आली: माणसाची बाह्यरेषा काढायची आणि आपल्याला येणाऱ्या भाषांचे रंग तिच्यात भरायचे. मी ती आमच्या शाळेतल्या मुलांना दिली. पाढे मराठीत म्हणून कपाळ भगवं, भांडण कन्नडमध्ये म्हणून मुठी लाल, गल्लीतल्या खेळासाठी पाय हिरवे. एका मुलानं विचारलं, “सर, जनगणनेवाले आले की यातला कुठला सांगायचा?” २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की मुलाची मातृभाषा ठरवण्याचा अधिकार आईवडिलांचा. मी त्याला तेच सांगितलं. तो म्हणाला, “खरं, घरात तर दोघंही वेगवेगळं सांगतील.”